दाजींचा ओळंबा

लोणंदहून कांदा घेऊन येणारा ट्रक आमच्या सांगलीच्या पेढीसमोर थांबला, तेव्हा मी हळदीच्या एका नमुन्यावरून दोन व्यापाऱ्यांशी हुज्जत घालत होतो. ड्रायव्हर ओळखीचा, आमच्या दाजींच्याच गावचा. उतरल्या उतरल्या चहा मागणारा हा माणूस त्या दिवशी टोपी हातात घेऊन पायरीवरच उभा राहिला. "शेठ, सौदा ऱ्हाऊ द्या. तुमचं दाजी गेलं." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. भावकीतल्या लग्नाला म्हणून तिला घेऊन नुकतेच गावी गेले होते. "पंगतीत बसलं हुतं. जेवता जेवता एका अंगाला कलंडलं, ते उठलंच न्हाईत," ड्रायव्हर म्हणाला. आणि माझ्या तोंडून प्रश्न गेला, "कुठल्या अंगाला?" समोरचे व्यापारी माझ्याकडे बघतच राहिले. घरचा माणूस गेल्याची बातमी येते आणि हा गृहस्थ विचारतो, कुठल्या अंगाला! ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं जरा आठवून सांगितलं, "डाव्या वाटतंय..." या प्रश्नाचा अर्थ लागायचा तर दाजींची सगळी हकिकत सांगावी लागेल, आणि तेवढ्यासाठीच आज लिहायला बसलो आहे. पुरवणीच्या या पानावर मोठ्या माणसांविषयी छापून येतं. दाजी मोठे नव्हते. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, एकदा एकट्यानं विमान उडवायचं, आणि ती त्यांना मिळाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काहीतरी बरं होईल या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

दाजींच्या गावी पाऊस पाहुण्यासारखा येतो, त्यामुळे घरटी एक माणूस फौजेत. दाजी मॅट्रिक झालेले, म्हणून हवाई दलात गेले. आमच्या वडिलांनी सोयरीक जुळवली ती "जावई विमानात हाय" एवढ्याच भांडवलावर. लग्नानंतर पहिलं वर्षभर आक्का सासरी होती. आभाळात विमानाचा आवाज आला की बायका तिला परड्यात ओढत न्यायच्या, "आगं, तुजं मालक चाललं बग!" आणि हीसुद्धा पदर सावरून वर बघायची. पुढं दाजींच्या नोकरीच्या ठिकाणी राहायला गेली तेव्हा तिला कळलं की मालक कुठंच चालले नव्हते. ते एका बराकीत बसून एक लाकडी पेटी चालवत होते. पेटी म्हणजे विमानाचं सोंगच. तोकडे पंख, तोकडी शेपटी, आत एक खुर्ची, हातात दांडा, पायाखाली पायपट्ट्या आणि समोर काट्यांच्या तबकड्या. खाली चार बाजूंना चार भाते. दांडा डावीकडं केला की डाव्या भात्यातली हवा ओढली जायची आणि पेटी डावीकडं झुकायची. नव्या वैमानिकाला आत बसवून वरून झाकण लावायचं. त्याला बाहेरचं काही दिसायचं नाही. त्यानं नुसत्या काट्यांवर भरवसा ठेवून विमान चालवायला शिकायचं, आणि बाहेर टेबलाशी बसून दाजींनी त्याला कानात सूचना द्यायच्या. असे किती अधिकारी दाजींच्या हाताखालून गेले. शिकले, हसून रामराम केला आणि खऱ्या विमानात जाऊन बसले. पेटी रिकामी झाली की दाजी स्वतः आत बसायचे. पेटीत त्यांच्याइतका वेळ कुणीच काढला नसेल. विमानात मात्र ते सामानासारखे मागच्या बाकावर बसून काय गेले असतील तेवढेच.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सार्जंट म्हणून निवृत्त झाले, आणि घरी येतात तो दुष्काळ पडलेला. गावात प्यायला पाणी नव्हतं, तिथं शेती काय करणार. मी दोघांना सांगलीला घेऊन आलो. आमच्या हळदीच्या गोदामामागं दोन खोल्या होत्या, तिथं त्यांचा संसार लागला. दाजींनी गोदामाचा हिशेब बघावा असं ठरलं होतं. वर्षभरात ते एकदा पुण्याला म्हणून गेले आणि भंगारबाजारातून तसलीच एक मोडकी पेटी ट्रकात घालून घेऊन आले. आक्कानं कपाळाला हात लावला. "नोकरी सुटली, पर ही सवत काय सुटंना!" भाते उंदरांनी खाल्लेले होते. दाजींनी ते मिरजेला एका हार्मोनियमवाल्याकडं नेले, तर तो म्हणाला, "आवं, येवढ्या मोठ्या पेटीवर गाणार कोण?" पण त्यानं भाते झकास करून दिले. गोदामाच्या रिकाम्या कोपऱ्यात पेटी उभी राहिली. हळदीची धूळ भात्यांत जायची, मोटर सुरू झाली की ती सगळी उडायची, आणि तासाभरानं दाजी बाहेर पडायचे ते हळद लागलेल्या नवरदेवासारखे. मीही एकदा हौसेनं आत बसलो. झाकण लागलं, दाजींनी बाहेरून "डावीकडं वळा" म्हटलं, मी दांडा रेटला आणि पेटी अशी कलली की मी खुर्चीतून घसरत भिंतीला जाऊन टेकलो. सकाळचे पोहे कुठं गेले ते विचारू नका. दाजी खदाखदा हसले, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "आप्पा, घसरलं की हात थांबवायचा. त्यो इशारा असतोय."

आणि मग त्यांचं नशीब उघडल्यासारखं वाटलं. कऱ्हाडच्या धावपट्टीवर हिवाळ्यात एक फ्लाइंग क्लब शिबिर भरवणार, दोन माणसांचं विमान आणणार आणि शिकवणार, असं समजलं. शिकवायला एक निवृत्त कॅप्टन होते. उंच, कमी बोलणारे, पांढऱ्या मिशांचे. दाजींनी लगेच नाव घातलं. क्लबात एक रीत होती, की जो पहिल्यांदा एकटा उडून सुखरूप खाली येईल त्यानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं. आक्कानं पहिल्याच रविवारी बेसनाचे लाडू करून डबा भरला. मी म्हटलं, "आगं, पहिल्याच दिवशी कुणी एकट्याला सोडतं होय?" तर फणकाऱ्यानं म्हणाली, "बाकीच्यांचं सांगू नगंस मला. ह्येंनी जलम घातलाय त्यात." आम्ही तिघं माझ्या जीपगाडीतून गेलो. विमान पाहून दाजींचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडं बघवेना. कापडी पंखांचं ते हलकं विमान, शेपटीला धरून दोन माणसं सहज फिरवत होती. दाजींनी त्याच्या नाकाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. कॅप्टनसाहेब शेजारी बसले, विमान उडालं आणि आक्का डबा मांडीवर घेऊन वर बघत राहिली, लग्नानंतर बघायची तशी. या खेपेला मालक खरंच वर होते.

खाली आले तेव्हा दाजींचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मग जीपमध्ये बसल्यावर सुरू झाले ते सांगली येईपर्यंत थांबले नाहीत. "आप्पा, दांडा जिता हाय रं त्यात! पेटीत दांडा कवाबी धरा, येकच वजन. हितं येग वाढला की हाताला झटतोय, येग कमी झाला की मेल्यावानी ढिला पडतोय. इंजान वाढीवलं की नाक आपसूक येका बाजूला पळतंय. नदीवर गेलं की खाली बसतंय, नांगरल्या रानावर आलं की कुणीतरी खालनं उचलल्यागत वर येतंय. पेटीत बी हादरं होतं, पर ते बटणाचं, येकसारखं... हे कवा येणार कळतच न्हाई." हे सगळं ते आनंदानं सांगत होते, तक्रार म्हणून नाही. आक्का मागं बसून लाडवांचा डबा सांभाळत होती. घरी येऊन आम्हीच ते लाडू खाल्ले. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा केले.

गडबड कुठं होती ते तिसऱ्या-चौथ्या रविवारी समजलं. दाजींना वळण जमत नव्हतं. पेटी कलली की अंग घसरतं, आणि घसरलं की हात थांबतो, ही इतक्या वर्षांची सवय. खऱ्या विमानात वळण नीट असलं तर अंग घसरतच नाही. विमान कललेलं असतं आणि माणूस मात्र वळणाच्या जोरानं खुर्चीत सरळ दाबून बसलेला असतो. दाजींच्या हाताला थांबण्याचा इशाराच मिळायचा नाही. हात आणखी कलवायचा, आणखी कलवायचा, शेवटी कॅप्टनसाहेब दांडा काढून घ्यायचे. दाजींना हे पटेना. गवंड्याकडून भिंत सरळ आहे का बघायचा एक पितळी ओळंबा आणला, वर नेला आणि विमानाच्या छताला टांगला. उतरून माझ्याकडं आले तेव्हा ओळंबा मुठीत घट्ट धरलेला होता. "आप्पा, आर्धं आभाळ आन् आर्धी जमीन खिडकीत आली, आन् ह्यो..." मूठ उघडून दाखवली, "ह्यो जागचा हालला न्हाई. सरळ माझ्या पायाकडं बघत ऱ्हायला." घरी जाऊन त्यांनी तोच ओळंबा पेटीत टांगला. पेटी कलली, आणि ओळंबा जाऊन भिंतीला टेकला. पेटी जमिनीवर उभी होती, ओळंबा जमिनीकडंच जाणार. दाजी कितीतरी वेळ दोरीकडं बघत बसले होते.

काटे बघून त्यांना विमान चालवता येत होतं, अगदी उत्तम. पण कॅप्टनसाहेबांनी एका रविवारी तबकड्यांवर पंचा टाकला आणि म्हणाले, "आता बाहेर बघून चालवा." दाजींना ते जमलं नाही. आणि उतरणं तर कधीच जमलं नाही. जमिनीजवळ आलं की हे हलकं विमान बसायला कुरकुरतं, तरंगत राहतं, तिथं डोळ्यांनी अंदाज घेऊन हळूहळू दांडा मागं घ्यावा लागतो. दाजी त्या क्षणी डोळे काट्यांकडं न्यायचे. "उतरायला काटा नसतो, सार्जंट," कॅप्टनसाहेब पुन्हा पुन्हा सांगायचे. पेटी कधी उतरलीच नव्हती. उंचीचा काटा शून्यावर आला की तालीम संपली, उठा, चहा घ्या. जमीन कशी जवळ येते हे दाजींनी पेटीत कधी पाहिलंच नव्हतं. त्या हिवाळ्यात एक तरुण डॉक्टर एकटा उडाला, साखर कारखान्यातला एक इंजिनियर उडाला. आम्ही त्यांचे पेढे खाल्ले. दुसरा हिवाळा आला, आणखी दोघं उडाले. आक्का दर रविवारी डबा घेऊन यायची आणि भरलेला परत न्यायची. पुढं पुढं मी तिला लाडू कशाला करतेस म्हणून विचारणंही सोडून दिलं.

शिबिर उठण्याच्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी दाजींना विमानाच्या पंखाखाली बोलावलं. मी आणि आक्का चार पावलांवर होतो, सगळं ऐकू येत होतं. "सार्जंट, मी तुम्हाला एकट्याला सोडू शकत नाही." दाजी सावधान उभे होते. म्हणाले, "फुडल्या हिवाळ्याला, साहेब?" "नाही. पुढच्याही नाही. हात बसलेत तुमचे, ते आता उठायचे नाहीत." मग त्या माणसाच्याही मनाला ते बोलणं लागलं असावं, कारण पुढं ते म्हणाले, "खरं सांगतो, ढगात सापडलो तर मी माझा जीव डोळे मिटून तुमच्यावर सोपवीन. तिथं माझ्यापेक्षा तुमचा हात भारी. पण लख्ख उन्हात मी तुम्हाला विमान देणार नाही." दाजींनी कडक सॅल्यूट ठोकला. मग आक्काकडं वळून म्हणाले, "डबा दे त्यास्नी." आक्कानं डबा दिला. कॅप्टनसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मला त्या घटकेला त्यांचा फार राग आला होता. आता येत नाही. ते खरं बोलले, आणि दुसरं काही बोलले असते तर दाजी कऱ्हाडच्या माळावर मरून पडले असते एवढंच.

त्या दिवसानंतर दाजींच्यातलं काहीतरी विझलं. हसणं गेलं. गोदामात यायचे, पोत्यावर बसायचे आणि पेटीकडं बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "आप्पा, म्या पोरास्नी चुकीचं शिकीवलं का रं? त्यातलं काय परत आलं न्हाईत. लढाईत गेलं, कोन सरावात गेलं... वळताना हात थांबला नसंल का कुणाचा?" मी म्हटलं, "दाजी, आवं, पेटी ढगासाठी. ढगात अंग खोटं बोलतं, काटे खरं बोलतात, हे तुम्हीच मला सांगितलंय." त्यांनी मान हलवली. पण पटलं नव्हतं. मग त्यांनी पेटी दुरुस्त करायला घेतली. दांड्याला सायकलच्या ट्यूबचे पट्टे बांधले, वेग वाढला की तो जड व्हावा म्हणून. नाक एका बाजूला पळावं म्हणून स्प्रिंग लावली. दर सुधारणेनंतर मला आत बसवायचे आणि विचारायचे, "आता?" मला काय कळणार! मी म्हणायचो, "आता अगदी खरं वाटतंय." मग ते स्वतः बसायचे, पेटी कलायची, आणि ओळंबा भिंतीला जाऊन टेकायचा. वर्षं अशीच गेली. सांगलीतले लोक त्यांना हसत, मुलं गोदामाच्या दाराशी येऊन "दाजी, मुंबईला सोडता काय?" म्हणून ओरडत. पूर्वी ते या मुलांना आत बोलवायचे. आता उठून दार लावून घ्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस आक्का आमच्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर चहा पीत बसली होती. पायानं झोका देत होती, कप मांडीवर काठोकाठ भरलेला. दाजी समोर बसले होते. एकदम ओरडले, "थांब! न्हाई, थांबू नगं, हालत ऱ्हा!" झोपाळा इतका तिरका जात होता आणि कपातल्या चहाचा थेंब सांडत नव्हता. झोक्याबरोबर चहाही तिरका होत होता. त्यांनी त्याच आठवड्यात भाते काढून टाकले आणि गोदामाच्या तुळईला चार साखळ्यांनी पेटी टांगली. मला बोलावलं. आत बसले, म्हणाले, "दे झोका." मी जीव खाऊन झोका दिला. पेटी उजवीकडं चढली, आणि ओळंबा जागचा हालला नाही. डावीकडं चढली, तरी हालला नाही. दाजी आतून ओरडत होते, "बग, आप्पा! बग!" इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. मग झोका मंदावला. दाजी बाहेर आले तेव्हा मघाचा आनंद चेहऱ्यावर नव्हता. "ह्ये परत येतंय, आप्पा," म्हणाले. "वळान परत येत न्हाई, फुडं जातंय. झोक्यात वळून ऱ्हाता येत न्हाई." साखळ्या कमी-जास्त लांबीच्या करून पाहिल्या, पेटी एका बाजूला कललेली टांगून पाहिली. कललेली टांगली की ओळंबा पुन्हा भिंतीला. यातून वाट नव्हती, आणि ते त्यांनाही माहीत होतं. तरी लग्नाला निघताना मला सांगून गेले, "साकळ्यास्नी हात लावू नगंस. आलो की बगतो."

म्हणून मी विचारलं होतं, कुठल्या अंगाला. त्या उत्तरानं काय होणार होतं, मलाही माहीत नाही. तेराव्यानंतर आक्का सांगलीला परतली. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता, पण तिला विचारल्याशिवाय पेटी द्यायला मन धजेना. परवा तीच म्हणाली, "मला येकदा बसव त्यात." इतक्या वर्षांत ती त्या पेटीत कधी बसली नव्हती, सवतीच्या घरी कोण जातं! मी हात धरून तिला आत बसवलं, झाकण उघडंच ठेवलं. हळूच झोका दिला. पांढऱ्या कपाळाची माझी बहीण दोन्ही हातांनी दांडा धरून समोरच्या ओळंब्याकडं बघत होती. "हालत न्हाई रं," म्हणाली. पेटी जात-येत राहिली, मग मंदावली, मग साखळ्यांचा आवाजही थांबला. आक्का बघतच होती. "थांबली का?" "थांबली, आक्का." "आन् ह्यो तर आता बी मधीच हाय की." तिनं बोटानं ओळंब्याला शिवून पाहिलं, तो जरासा डुलला आणि पुन्हा मधोमध येऊन राहिला. "आप्पा, ह्येच पायजे हुतं व्हय त्यास्नी?" मी तिला हात दिला आणि ती खाली उतरली.